दिवे घाटात उकळलेली २०७

‘जुनं टाटाचं इंजिन आहे, त्याला काय धाड भरलीये?’ हे वाक्य मी आजवर निदान शंभर वेळा म्हटलं असेल. गेल्या जुलैत दिवे घाटातल्या तिसऱ्या वळणावर बॉनेटखालून वाफेचा लोट आला, तेव्हा पहिल्यांदा जीभ चावली.

गाडी २००४ची टाटा २०७ डीआय, माल वाहायचा पिकअप, वडिलांनी घेतलेली. हडपसरला आमचं शेतीमालाचं दुकान आहे. ठिबकच्या नळ्या, खताच्या गोण्या, पंप असं सगळं सासवड-जेजुरीकडे पोचवायचं, म्हणजे भरल्या गाडीनं दिवे घाट चढायचा आणि रिकाम्या गाडीनं उतरायचा. वीस वर्षं तिनं हेच केलं. किलोमीटरचा आकडा विचारू नका, मीटरची वायर कधी तुटली ते वडिलांनाही आठवत नाही.

या इंजिनांचं नाव उगाच झालेलं नाही. आमच्या पुण्यातून १९८६ साली टाटाचा ४०७ हा छोटा ट्रक बाहेर पडला, त्याच्याच घराण्यातलं हे इंजिन. टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, १९५४ ते १९६९ डेम्लर-बेंझच्या हाताखाली ट्रक बनवायला शिकून घेतलं होतं, ते शिक्षण या लोखंडात उतरलेलं असावं असं मला आपलं वाटतं. बजाज टेम्पोच्या ट्रॅक्समध्ये तर सरळ मर्सिडीजचं ओएम ६१६ इंजिन असायचं. महिंद्राच्या जुन्या जीपवाल्यांना विचारा, ते प्यूजोच्या इंजिनाबद्दल देवाबद्दल बोलल्यासारखं बोलतात. या सगळ्यांत साम्य एकच: डिझेल पुरवणारा यांत्रिक पंप, जाडजूड बीड, कमी फेरे. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही, त्यामुळे रस्त्यात ‘चेक इंजिन’चा दिवा लागून गाडी लंगडायची भानगडच नाही. डिझेल आणि हवा मिळाली की ते चालतं. नेमकं हेच आम्हाला नडलं. ते तक्रार न करता चालत राहिलं आणि त्यालाच मी तब्येत ठणठणीत असणं समजत बसलो.

त्या दिवशी मागे खत होतं, आणि खरं सांगायचं तर कागदावरच्या पासिंगपेक्षा जरा जास्तच होतं. वडकी सोडल्यावर काटा वर सरकू लागला. मी म्हटलं, घाट संपला की उतरेल. मस्तानी तलाव खाली दिसायला लागला तसा काटा लाल पट्टीत गेला, ओढ संपली आणि वाफ आली. मी घाईघाईनं पाण्याचा कॅन घेऊन रेडिएटरकडे धावलो. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्यानं काचेतूनच ओरडून थांबवलं, “भाऊ, झाकण उघडू नका! भाजाल, आणि हेडही तडकवाल.” त्यानं दगड लावून दिला, तंबाखू मळली आणि तासभर माझ्यासोबत बसून राहिला. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

पहिल्या गॅरेजवाल्यानं हेड गास्केट (हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, त्याच्या आणि खालच्या ब्लॉकच्या मधली चकती) बदललं, सहा हजार घेतले, दोन दिवसांत गाडी दिली. मी खूश. अठराव्या दिवशी पुन्हा रेडिएटरमध्ये सोडा वॉटरसारखे बुडबुडे. गास्केट जळालं होतं, पण ते का जळालं हे त्यानं पाहिलंच नव्हतं. अर्थात मीही विचारलं नव्हतं.

मग रामटेकडीच्या एका मिस्त्रीकाकांकडे गेलो. वय सत्तरीच्या घरात, चष्म्याला दोरी. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. इंजिन सुरू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढलं आणि भोकावर उलटं ठेवलं. झाकण टणाटण उडायला लागलं, पातेल्यात डाळ उकळताना वरची ताटली उडते तसं. “हे बघ, बॅक कॉम्प्रेशन. वरचा दाब खाली ऑइलच्या चेंबरमध्ये जातोय. गास्केटचं दुखणं नंतरचं, आधी पिस्टनच्या रिंगा गेल्यात.”

मग म्हणाले, “थर्मोस्टॅट कुठंय?”

मी गप्प. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारी झडप. सात-आठ वर्षांपूर्वी गाडी थोडी तापायची, तेव्हा आमच्या एका ड्रायव्हरच्या सल्ल्यानं मीच तो काढून टाकायला लावला होता. हा इलाज आपल्याकडे इतका चालतो की मला त्यात वावगं काही वाटलंच नव्हतं. काकांनी समजावलं ते असं: थर्मोस्टॅट नसला की पाणी सतत फिरत राहतं, इंजिन लवकर गरम होत नाही. थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही, भिंतीवरचं ऑइल धुऊन निघतं, आणि जळण्यातून तयार होणारं पाणी गंधकाबरोबर आम्ल होऊन लोखंड खातं. म्हणजे गाडी तापू नये म्हणून जे केलं, त्यानं ती आतून झिजत राहिली. वर रेडिएटरमध्ये आम्ही दुकानामागच्या बोअरचं पाणी भरायचो. त्याचा क्षार नळ्यांमध्ये चुन्यासारखा बसला होता. “बोअरच्या पाण्यानं बोअर घालवला,” काका म्हणाले आणि स्वतःच हसले. त्यांचा दुसरा बोअर म्हणजे सिलिंडरचं भोक. मला हसू येत नव्हतं.

इंजिन उतरवल्यावर मात्र मला त्या कामात गोडी लागली. दुकान भावाच्या गळ्यात टाकून मी तीन-चार दुपारी तिथंच काढल्या.

हेड काढल्यावर काकांनी माझं बोट धरून सिलिंडरच्या तोंडाशी नेलं. वरून साधारण बोटभर खाली नखाला स्पष्ट कंगोरा लागला. वरची रिंग जिथं थांबून उलटी फिरते तिथं ऑइल सगळ्यात कमी आणि उष्णता सगळ्यात जास्त, म्हणून झीज तिथंच. त्याच्या वर रिंग पोचतच नाही, तिथली भिंत २००४ सालातलीच. मग त्यांनी जुनी रिंग नुसतीच सिलिंडरमध्ये टाकली, पिस्टननं सरळ ढकलली आणि तिच्या दोन टोकांमधल्या फटीत फिलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पातळ पानं एकावर एक घालत गेले. पानं संपत आली तरी फट भरेना. यामागचा हिशेब मी घरी येऊन मांडला. बोअरचा व्यास एक दशांश मिलिमीटरनं वाढला की परीघ तीन दशांशांहून जास्त वाढतो, आणि तो सगळा त्या एका फटीत उघडा पडतो. शाळेतला ‘पाय’ (π) आयुष्यात पहिल्यांदा उपयोगी पडला.

तिथंच इंजिनाच्या नावाचाही उलगडा झाला. आमच्या इंजिनाला ४९७ म्हणतात, तो काहीतरी मॉडेल नंबर असेल असं मी समजत होतो. काका म्हणाले, “चार सिलिंडर, सत्त्याण्णवचा बोअर. मोठ्या ट्रकचं ६९७, सहा सिलिंडर, बोअर तोच.” स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वर-खाली जातो ते अंतर, १०० मिलिमीटर धरून गुणाकार केला तर बरोब्बर २,९५६ सीसी येतात, आरसी बुकात आहेत तेवढेच. प्यूजोच्या एक्सडीपी ४.९०चंही तसंच, चार सिलिंडर आणि ९०चा बोअर.

हेडवर सरळ पट्टी ठेवली, तर मधोमध खालून उजेड दिसत होता. हेड वाकलेलं. वाकलेल्या हेडवर पहिल्या गॅरेजवाल्यानं नवंकोरं गास्केट बसवलं होतं, ते टिकणार कसं?

आता तीन पर्याय होते. गाडी भंगारात घालायची, बाजारातून सेकंडहँड इंजिन आणून बसवायचं किंवा फुल इंजिन काम. मित्रांचं मत दुसऱ्याकडे होतं, तीन दिवसांत गाडी रस्त्यावर येते म्हणून. पण त्या इंजिनाच्या पोटात काय आहे ते कोण सांगणार? शिवाय इंजिन नंबर बदलला की आरसीवर नोंद करून घ्या, बिलं दाखवा, ते शेपूट वेगळंच. मी काम काढायचं ठरवलं. वडील एवढंच म्हणाले, “तुझ्या लग्नाचं सामान याच गाडीतून आणलंय.” त्यावर काय बोलणार!

ब्लॉक, हेड आणि क्रँक भोसरीच्या मशीन शॉपला गेले. जुने लाइनर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळ्या, काढून नवे प्रेस केले, त्यांना आतून बारीक घासून होनिंग केलं, हेडला फेसिंग मारून सपाट केलं, क्रँक ग्राइंड करून त्या मापाची अंडरसाइज बेअरिंगं घेतली. नाना पेठेत पिस्टन-रिंग किटचे तीन भाव ऐकले, सर्वांत स्वस्त आणि महाग यांत जवळपास दुपटीचा फरक. काकांची सक्त ताकीद होती, “वॉटर पंप साधा घेतलास तर चालेल, किट आणि बेअरिंगमध्ये कंजुषी करायची नाही.”

डिझेल पंपाचं काम मला सर्वांत जास्त आवडलं. कॅलिब्रेशनवाल्याच्या बेंचवर चार उभ्या काचेच्या नळ्या, प्रत्येक सिलिंडरला एक. मोटर पंप फिरवते, ठरावीक फेऱ्यांनंतर थांबते आणि नळ्यांमध्ये किती डिझेल जमलं ते डोळ्यांनी वाचायचं. आमच्या चार नळ्यांत चार वेगळ्या पातळ्या! आणि स्क्रूचं सील तुटलेलं. कुणीतरी कधीतरी ओढ वाढावी म्हणून ‘पंप वाढवून’ ठेवला होता. गाडी घाटात काळा धूर सोडायची ते त्यामुळंच. जास्तीचं डिझेल जळत नाही, ते धूर होतं, नाहीतर सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतं. त्या माणसानं पातळ्या सारख्या केल्या, नोझल बदलले, नवं सील लावलं आणि म्हणाला, “आता ओढ कमी वाटेल. स्क्रूला हात लावू नका.” डिझेलमध्ये टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक गाड्यांचं, ऑइल टाकायचं का, असं मी विचारलं तेव्हा त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की पुढचा प्रश्न मी गिळला.

खर्चाची वही समोरच आहे. किट १९,५००, बेअरिंग-बुश-गास्केट ९,०००, मशीन शॉप ११,५००, पंप-नोझल १३,०००, रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि होज पाइप ५,५००, मजुरी १४,०००. एकूण ७२,५००. पहिल्या गॅरेजचे सहा हजार मी यात धरत नाही, ते पाण्यात गेले. तीन आठवडे भाड्याच्या टेम्पोनं माल पोचवला, तो हिशेब बायकोला अजून दाखवलेला नाही.

काकांनी गाडी देताना अटी घातल्या. पहिले हजार किलोमीटर अर्धाच माल, चढावर वरच्या गिअरमध्ये रडवायची नाही, पाचशेला ऑइल बदलायचं आणि रेडिएटरमध्ये कूलंटच. “रिंगांना भिंतीशी ओळख करून घेऊ दे,” त्यांचे शब्द. पाचशेला काढलेलं ऑइल उन्हात धरलं, तर त्यात बारीक चांदीसारखी चमक होती. ही पहिल्यांदा येतेच म्हणाले, दुसऱ्यांदा दिसता कामा नये. दुसऱ्यांदा दिसली नाही.

आधी पीयूसी काढली. पायडल तळापर्यंत दाबून धूर मोजतात, तेव्हा जुन्या डिझेलवाल्यांचा जीव खालीवर होतो. या वयाच्या गाड्यांना मर्यादा ६५ एचएसयूची (हे धुराच्या दाटपणाचं एकक), आमची ३८ आली. मागच्या वर्षी जेमतेम काठावर सुटलो होतो.

मग आरटीओचं फिटनेस सर्टिफिकेट. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला ते दरवर्षी लागतं आणि पंधरा वर्षांनंतर फीही चांगलीच चढते. तपासणीचा ट्रॅक दिवे गावाला, म्हणजे त्याच घाटानं जायचं. गाडी रिकामी होती, तरी तिसऱ्या वळणावर माझं लक्ष रस्त्यापेक्षा काट्यावरच होतं. काटा अर्ध्याच्या जरा खाली जाऊन थांबला आणि तिथून हलला नाही. पूर्वी थर्मोस्टॅट नसताना तो एरवी तळाशीच पडलेला असायचा, आणि मला ते थंडगार इंजिनाचं लक्षण वाटायचं.

ट्रॅकवर ब्रेक झाले, दिवे झाले, हॉर्न झाला. इन्स्पेक्टरसाहेबांनी बॉनेटकडे ढुंकूनही पाहिलं नाही. वायपर चालवा म्हणाले. चालवला. डावीकडचा अर्ध्यात अडकला. त्यांची काहीच चूक नव्हती, पावसाचे दिवस होते. तसाच सासवडला गेलो, १८० रुपयांचा वायपर ब्लेड आणि एक नट घेतला, दुकानाबाहेरच बसवला आणि ट्रॅक बंद व्हायच्या आत परत पोचलो.