तुम्ही विचारलंत म्हणून: मी ‘बिग बॉस’ का बघते

‘मॅडम, तुम्हीसुद्धा बिग बॉस बघता?’ हा प्रश्न मला माजी विद्यार्थिनी विचारतात, वाचनालयात भेटणारी मंडळी विचारतात आणि एका समारंभात तर व्यासपीठावरच्या अध्यक्षांनीही विचारला. वर्षानुवर्षे संतसाहित्य शिकवलेल्या बाईने रात्री नऊनंतर अनोळखी माणसांची भांडणे बघत बसावे, हे लोकांना पटत नाही. काही जण मला पळवाट काढून देतात. ‘समाजाचा अभ्यास म्हणून बघत असाल,’ असे ते म्हणतात. मी अभ्यास म्हणून बघत नाही, मला आवडते म्हणून बघते. त्या आवडीत लाज वाटावी असा भाग आहे, हेही मला ठाऊक आहे. २०२४च्या पाचव्या पर्वात स्पर्धक निक्की तांबोळी ज्येष्ठ अभिनेत्री वर्षा उसगांवकरांशी ज्या भाषेत बोलली, त्याबद्दल पहिल्याच आठवड्याच्या शेवटी ‘भाऊचा धक्का’ नावाच्या शनिवार-रविवारच्या भागात सूत्रसंचालक रितेश देशमुखांनी तिला सगळ्यांसमोर सुनावले, तेव्हा मला जो आनंद झाला तो निर्मळ नव्हता. एका तरुण मुलीची मान खाली गेलेली पाहून मला बरे वाटले होते.

पण मी बघते ती त्या भांडणांसाठी नव्हे. कोण काय बोलले याचा शनिवारी जो छडा लागतो, त्यासाठी बघते. स्पर्धकांना ज्या घरात कॅमेऱ्यांसमोर कोंडून ठेवतात, त्या घरात गळ्यातला माईक काढायचा नसतो, कुजबुजायचे नसते, खुणांनी किंवा लिहून बोलायचे नसते. कोणी तसे केले की बिग बॉसचा आवाज त्याला टोकतो. आणि आठवड्याच्या शेवटी ‘मी असे म्हणालेच नाही’ असे कोणी म्हणाले, तर कधी चित्रफीतच दाखवली जाते, कधी सूत्रसंचालक ते वाक्य जसेच्या तसे समोर ठेवतो. त्या क्षणाचे मला इतके का वाटते, हे सांगायचे तर घरातली एक गोष्ट सांगावी लागेल.

माझ्या सासऱ्यांचे तेरावे होते. सासूबाईंच्या हातातल्या काचेच्या बांगड्या गेल्या होत्या, सोन्याच्या पाटल्या तेवढ्या राहिल्या होत्या. दुपारी माजघरात आम्ही चौघीजणी बसलो होतो. मी परातीतले तांदूळ निवडत होते. मोठ्या जाऊबाईंनी वाटणीचा विषय काढला आणि बोलता बोलता त्या पाटल्यांवर आल्या. मी मान वर न करता म्हणाले, ‘पाटल्यांचं आत्ता कशाला काढता?’ इतकेच. संध्याकाळपर्यंत ते वाक्य मोठ्या दिरांच्या कानावर गेले ते असे, की धाकटी म्हणते, पाटल्यांचे काय ते आत्ताच काढा. रात्री दिरांनी माझ्या नवऱ्याला ओसरीवर बोलावून विचारले. मी बाहेर येऊन जे बोलले होते ते पुन्हा सांगितले. जाऊबाई शांतपणे म्हणाल्या, ‘आम्ही सगळ्यांनी ऐकलं.’ मी आत्याबाईंकडे पाहिले, कारण त्या माझ्या शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘मला हल्ली नीट ऐकू येत नाही गं.’ आणि मोरीकडे निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई मोरीत हाताला साबण लावून बसल्या होत्या. पाटल्या घट्ट झाल्या होत्या, मनगटाचे हाड आड येत होते. मी पुढे झाले, तर ‘राहू दे’ म्हणाल्या. बऱ्याच वेळाने दोन्ही निघाल्या. त्या त्यांनी पदराने पुसल्या, आमच्या दोघींच्या मधे पाटावर ठेवल्या आणि म्हणाल्या, ‘माझ्यावरून भांडू नका.’ त्यानंतर त्यांनी त्या कधीही घातल्या नाहीत. पुढे त्या माझ्याशी वाईट वागल्या असेही नाही. परंतु मी तसे म्हणाले होते असे धरूनच त्यांनी मला क्षमा केली. न केलेल्या गोष्टीची ती क्षमा त्या जाईपर्यंत माझ्या अंगावर राहिली. नवरा म्हणत असे, ‘जाऊ दे, मला माहीत आहे ना.’ त्याला माहीत असून काय उपयोग होता?

२०१८ मध्ये महेश मांजरेकर सूत्रसंचालक असलेले पहिले पर्व ‘कलर्स मराठी’वर सुरू झाले, तेव्हा स्टाफरूममध्ये मीच सर्वांत कडक बोलले होते. नेदरलँड्समध्ये १९९९ साली ‘बिग ब्रदर’ म्हणून निघालेला हा प्रकार माणसांना कोंडून, त्यांच्यावर पाळत ठेवून करमणूक करतो, असे माझे म्हणणे होते. त्यातले एकही वाक्य मी आज खोडू शकत नाही. स्टाफरूममधली ती बाई, म्हणजे तेव्हाची मीच, आज मला विचारेल, की चोवीस तासांच्या चित्रीकरणातून रोज तास-दीड तास निवडणारा माणूस तरी आत्याबाईंपेक्षा वेगळा कसा? सोयीचे तेवढे त्यालाही ऐकू येते. यावर माझ्याकडे पुरते उत्तर नाही. एवढेच म्हणेन, की कापलेले असले तरी वाक्य बोलणाऱ्याच्याच तोंडचे असते, आणि मला तेवढ्यानेही भागले असते.

तिचा दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. आपल्या माजघरात कॅमेरा चालला असता का? पूर्वी मी तत्काळ ‘हो’ म्हटले असते. परंतु मग त्या दुपारच्या वाक्याबरोबर त्याच सकाळी जाऊबाईंबद्दल मी नवऱ्याजवळ जे बोलले, तेही टिपले गेले असते. ते मी आजही मागे घेत नाही. मात्र ते सासूबाईंनी ऐकावे असे मला कधीही वाटले नसते. म्हणजे मला माझे एकच वाक्य दाखवणारा कॅमेरा हवा आहे, आणि तसा कॅमेरा बिग बॉसच्या घरातही कोणाच्या वाट्याला येत नाही. हे कळूनही शनिवारी मी फोन बंद करून टीव्हीसमोर बसते, आणि ‘तू असं म्हणाली नव्हतीस’ हे कोणाला तरी सगळ्यांदेखत ऐकायला मिळावे म्हणून शेवटपर्यंत थांबते.