तुम्ही विचारलंत म्हणून : टेक्सासची कोर्टहाउसं पाहायची कशी आणि टिकवायची कशी?

डॅलसला किंवा ऑस्टिनला मुलांकडे आलेल्या आईबाबांचा एक प्रश्न ठरलेला असतो : गावाच्या मधोमध हा किल्ला कोणाचा? ते कोर्ट आहे म्हटलं की लगेच दुसरा : मग इतका खर्च करून जुनंच कशाला धरून ठेवायचं, पाडून नवं का नाही बांधत?

आधी ‘कोर्ट’ या शब्दाचा घोळ मिटवू. टेक्सासात 254 काउंट्या आहेत. तालुक्याहून मोठी, जिल्ह्याहून लहान, असा साधारण पसारा. कोर्टहाउसात खटले चालतात, पण घरांची खरेदीखतं नोंदवणं, लग्नाचा परवाना, काउंटीचा कारभार हेही मूळचं तिथलंच काम. म्हणजे तहसील कचेरी, दुय्यम निबंधक आणि न्यायालय एकाच छपराखाली. गंमत म्हणजे ‘कमिशनर्स कोर्ट’ हे न्यायालय नव्हेच. एक काउंटी जज आणि चार कमिशनर मिळून बजेट ठरवणारी ती सभा. छप्पर गळत असेल तर त्याला पैसे मिळणार की नाहीत, हे तीच ठरवते.

पाहायला सुरुवात डॅलसच्या दक्षिणेला वॅक्साहॅचीपासून करावी. एलिस काउंटीचं हे कोर्टहाउस 1890च्या दशकात जेम्स रायली गॉर्डन या वास्तुविशारदाने उभं केलं. खाली गुलाबी ग्रॅनाइट, वर लाल वालुकाश्म, आणि भरभक्कम अर्धवर्तुळाकार कमानी. ही रोमनेस्क शैली अमेरिकेत हेन्री हॉब्सन रिचर्डसनने रुजवली. खांबांवर कोरलेल्या चेहऱ्यांची प्रेमभंगाची कहाणी गावात तुम्हाला हमखास ऐकवतील. अभ्यासक ती मानत नाहीत. खरी करामत आतल्या आराखड्यात आहे. इमारत अधिक चिन्हासारखी, दारं कोपऱ्यांतून आणि जिना मधोमध मनोऱ्याखाली. गरम हवा वर चढून मनोऱ्यातून बाहेर पडते आणि खोल्यांमध्ये वारा खेळतो. टेक्सासच्या उन्हाळ्यावर विजेचा पंखा नसतानाचा हा उपाय होता. डिकेटरचं वाइज काउंटी कोर्टहाउसही गॉर्डनचंच, 1896 सालचं.

मनोऱ्याचे फोटो सगळेच काढतात. आमचा आग्रह असा, की भिंतीला नाक लावून दरजा बघा. दोन दगडांमधला सांधा म्हणजे दरज, आणि इमारतीची तब्येत तिथे कळते.

जुनी दरज चुन्याची. चुना दगडापेक्षा मऊ असतो आणि ओल बाहेर जाऊ देतो. इमारत उन्हातान्हात किंचित हलली तर चुना ते सोसतो, बारीक भेग स्वतःच काही अंशी भरून काढतो. पुढे कुणीतरी ‘पक्कं काम’ म्हणून त्यावर सिमेंट भरतं. सिमेंट दगडाहून कडक. आत शिरलेल्या पाण्याला दरजेतून वाट मिळत नाही, म्हणून ते दगडातून बाहेर पडतं. सोबतचे क्षार दगडाच्या पृष्ठभागाआड साचून त्यांचे स्फटिक होतात आणि दगडाचे पोपडे सुटतात. करड्या दरजेच्या रेघा उंच उभ्या आणि मधला दगड आत खचलेला दिसला, की समजावं, घात दुरुस्तीनेच केला. आपल्या गडांवर चुन्याच्या घाण्या पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. तरी आपल्याकडच्या वाड्यांनाही सिमेंटचा गिलावा चढतोच.

दरजा भरण्याची योग्य रीत अशी. जुन्या चुन्याचा तुकडा आम्लात विरघळवतात, उरते ती वाळू. तिचा रंग आणि दाणा नव्या वाळूशी जुळवतात. खराब माल दरजेच्या रुंदीच्या किमान अडीच पट खोलीपर्यंत हाताच्या छिन्नीने काढतात. उभ्या दरजांवर ग्राइंडर चालवू नये. त्या आखूड असतात, पातं हमखास वर-खाली दगडात घुसतं आणि तो चरा जन्मभर दिसतो. मग दरज भिजवून साधारण 6 मिलिमीटरच्या थरांनी चुना दाबायचा. एक थर अंगठ्याने दबेनासा झाला की दुसरा. पुढे काही दिवस ओलं गोणपाट लावून ऊन-वारा अडवायचा. इथेच घाई होते, कारण कंत्राटदाराला परांची उचलायची असते. चुना भराभर सुकला तर त्याची भुकटी होते.

साफसफाईतही हीच चूक. वाळूचा फवारा मारला की दगड नवा दिसतो, पण त्याची वरची टणक कातडी गेलेली असते. कमी दाबाचं पाणी आणि नायलॉनचा ब्रश पुरतो. पाणी शिरू नये म्हणून दिलेला सिलिकॉनचा थर तर ओल आतच कोंडतो.

आणखी एक फसगत मनोऱ्याची. तो दगडी वाटतो, पण पुष्कळ ठिकाणी वरच्या मजल्याची नक्षी, कंगोरे, न्यायदेवतेचा पुतळासुद्धा पातळ पत्र्याचा ठोकून केलेला असतो. ओल्या रंगावर वाळू उडवून त्याला दगडाचं सोंग दिलेलं. रंग गेला की पत्रा गंजतो, पाणी आतल्या लाकडी सांगाड्यात उतरतं.

आतल्या कोर्टाच्या दालनात गेलात तर छताकडे बघा. विसाव्या शतकात एसीसाठी किंवा जागेसाठी अनेक ठिकाणी दुमजली उंचीच्या दालनाला खोटं छत मारलं, सज्जे बंद केले. ते उतरवल्यावर वर मूळ नक्षी शाबूत सापडते, म्हणून तोडफोडीआधी वर डोकावून मोजमाप घेणं आलंच.

आता दुसरा प्रश्न. पाडायचं म्हटलं तरी काउंटीला सहा महिने आधी राज्याच्या ऐतिहासिक आयोगाला कळवावं लागतं. 1998 मध्ये नॅशनल ट्रस्ट या संस्थेने टेक्सासची कोर्टहाउसं देशातल्या सर्वाधिक धोक्यातल्या ठिकाणांत धरली. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने 5 कोटी डॉलर देऊन जतन-कार्यक्रम सुरू केला. इमारत किमान 50 वर्षांची हवी, मास्टर प्लॅन (इमारतीची पाहणी, नकाशे आणि दुरुस्तीचा आराखडा) तयार हवा आणि काउंटीने आपला वाटा उचलायला हवा. या कार्यक्रमातलं पहिलं पूर्ण झालेलं काम टेक्सासातल्याच अल्बनी गावाचं, 2001 मध्ये.

मास्टर प्लॅन म्हणजे कागदी सोपस्कार वाटतो. मेसनचं कोर्टहाउस बघा. दुरुस्ती सुरू व्हायच्या बेतात असताना 4 फेब्रुवारी 2021च्या रात्री कुणीतरी ते पेटवलं. दप्तर आधीच हलवलं होतं, भिंती उभ्या राहिल्या, नकाशे हाताशी होते. त्याच भिंतींत ते पुन्हा बांधता आलं. हिल्सबरोचं कोर्टहाउस 1 जानेवारी 1993 रोजी जळालं, ते 1999 मध्ये पुन्हा उघडलं. प्रसिद्ध गायक विली नेल्सन त्याच काउंटीतला, त्याने मदतीसाठी गाण्याचा कार्यक्रम केला.

जायचं तर कामाच्या दिवशी जा, शनिवार-रविवारी दार सहसा बंद असतं. खटला चालू असेल तर कॅमेरा खिशात. आणि जमलंच तर पावसात जा. छत्री घेऊन एक फेरी मारा : कुठल्या पन्हळीचं पाणी भिंतीवरून ओघळतंय, खाली माती किती उडालीये, आणि एवढ्या पावसातही हिरवळीचा फवारा कोर्टाच्या जोत्यावर चालूच आहे का.