माहेरच्या नावाची यादी

नाशिकमधल्या मुलींच्या शाळेतून १९७५च्या आसपास बाहेर पडलेल्या वर्गमैत्रिणींनी भेटायचं ठरवलं, की पहिली चर्चा हॉलची आणि साडीच्या रंगाची. ती महिनाभर बाजूला ठेवा. आधी यादी. त्यातही पहिला घोळ सालाचा: १९७५ला जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली, अशा दोन बॅच एकाच वर्षी एसएससी झाल्या. नुसतं 'पंचाहत्तरची बॅच' म्हटलं तर दोन वर्गांच्या मुली एकमेकींत मिसळतात. म्हणून प्रत्येक नावापुढे इयत्ता आणि तुकडी लिहायचीच.

शाळेत हजेरीपट मिळेलच असं नाही, पण जनरल रजिस्टर, म्हणजे प्रवेश घेतलेल्या प्रत्येकीची नोंदवही, कायम जपलेलं असतं. मुख्याध्यापिकांना अर्ज देऊन फक्त नावं मागा. पत्ते, जन्मतारखा मागितल्या तर नकार येतो, आणि तो रास्तच आहे. रजिस्टर प्रवेशाच्या क्रमाने असतं, तुकडीच्या नाही, त्यामुळे शाळा सोडल्याच्या तारखेचा रकाना धरून उतरत जावं लागतं. तिथेच आठवी-नववीत लग्न किंवा वडिलांच्या बदलीमुळे गेलेल्या मुली सापडतात. यादीत त्यांनाही घ्या. दहावीच्या ग्रुप फोटोत नाही म्हणून ती वर्गातली नव्हती, असं थोडंच आहे!

पुढची अडचण आपल्याकडचीच. लग्नात आडनाव तर बदलतंच, पण ताटातल्या तांदळात अंगठीने लिहून कित्येकींचं पहिलं नावही बदललेलं असतं. शाळेतली कुंदा फेसबुकवर सापडणार नाही, कारण ती गेली पन्नास वर्षं वैशाली आहे. वहीत चार रकाने करा: शाळेतलं नाव, घरी हाक मारायचे ते नाव, सासरचं नाव, सध्याचं गाव. तपास माहेरच्या बाजूने करायचा. तिवंधा, दहीपूल, पंचवटीतले वाडे पडून इमारती झाल्या, तरी भाऊ-भावजय बहुधा नाशिकमध्येच कुठेतरी असतात. वाड्याशेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याला ते कुठे गेले ते ठाऊक असतं. नाशिकरोडच्या सरकारी नोटांच्या प्रेसमध्ये वडील असतील तर त्यांच्या खात्यातल्या जुन्या सहकाऱ्यांच्या मुलांना विचारा.

नंबर मिळाल्यावर लगेच फोन नको. अनोळखी नंबर उचलायचा नाही, असं मुलांनी आईला बजावलेलं असतं. आधी मेसेज: स्वतःचं माहेरचं नाव, तुकडी, वर्गशिक्षिकेचं नाव, बाकावर शेजारी कोण बसायची ते. पहिल्याच दिवशी लिंक किंवा गुगल फॉर्म पाठवू नका, वर्गणीचा विषयही काढू नका. फसवणूक वाटते आणि ती ब्लॉक करून मोकळी होते. माहिती फोनवर विचारून एकीने भरलेली बरी.

आता काय विचारायचं? बहुतेक ठिकाणी गाडी इथेच रुळावरून घसरते. 'मिस्टर काय करतात, मुलं कुठे, निवृत्त कधी झालीस' या तीन प्रश्नांत विधवा, अविवाहित, मूल नसलेली आणि जन्मभर घर सांभाळलेली, अशा चौघी गप्प होतात. एखादीची माहिती आली नाही तर समजावं की प्रश्न चुकला. त्यापेक्षा असं विचारा: हल्ली सकाळी दहा ते बारा काय करतेस? शाळा सुटल्यावर पहिली दोन वर्षं कुठे गेली? तेव्हा येत नव्हतं आणि आता येतं असं काय? कुणाला भेटायचंय? बँकेतून निवृत्त झालेलीही याची उत्तरं देते आणि नातवाला सांभाळणारीही.

टाइप करायला लावू नका. दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज मागा, पंखा बंद करून, फोन तोंडापासून वीतभर धरून. तो उतरवून काढलेला मजकूर तिला वाचून दाखवल्याशिवाय ग्रुपवर टाकायचा नाही. आजारपण आणि सुनेबद्दलची वाक्यं ती हमखास काढायला सांगते.

कुणी गेल्याची बातमी दोन ठिकाणांहून पक्की झाल्याशिवाय लिहू नका. एकाच नावाच्या दोघी असल्या की जिवंत मुलीला श्रद्धांजली वाहिली जाते.

वर्गाचा ग्रुप फोटो काचेला चिकटला असेल तर सोलू नका, काचेसकट स्कॅन करा. स्कॅनची बारकाई ६०० डीपीआय ठेवली तर मागच्या रांगेतले चेहरे मोठे करून बघता येतात. कोण कुठली ते ओळखायचे आकडे मूळ फोटोवर नाही, छापील प्रतीवर घालायचे. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर तो दाबला जाऊन चेहरे पुसट होतात, म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

भेटीच्या दिवसाबद्दल थोडंच. मुंबईच्या मुली सकाळच्या तपोवन एक्स्प्रेसने नाशिकरोडला उतरतात, तिथून कॉलेज रोड दहाएक किलोमीटर, तेव्हा अकराच्या आत सुरुवात करू नये. एसटीने येणाऱ्यांना मार्च २०२३पासून अर्धं तिकीट आहेच. हॉल तळमजल्यावर, हात असलेल्या खुर्च्या, कमोड. चाळीस जणींनी पाच-पाच मिनिटं बोलायचं म्हटलं तर दोनशे मिनिटं होतात, आणि शुगरच्या गोळ्या घेणाऱ्यांना जेवण एकपर्यंत हवं. प्रत्येकीची गोळा केलेली हालहवाल आधीच छापून वाटलेली असेल तर दोन-दोन मिनिटं पुरतात. मिसळ ठेवलीत तर रस्सा वेगळ्या पातेल्यात, काळ्या मसाल्याचा झेपेल तेवढा जिचा तिने घ्यावा.

गळ्यातल्या कार्डावर शाळेतलं नाव मोठ्या अक्षरात, सासरचं खाली बारीक. पिनवाला बिल्ला नको, पैठणीचा धागा ओढला जातो. नाव दोन्ही बाजूंनी छापा, कारण दोरीतलं कार्ड नेमकं कोऱ्या बाजूने उलटतं.