ॲम्स्टरडॅमहून जहाज सुटण्याआधीचे तीन दिवस

जहाजावर सेमिस्टर करायला निघालेल्यांनी बंदराच्या शहरात निदान तीन दिवस आधी पोचावं. कारण साधं आहे. विमान कंपनीने बॅग मागे ठेवली, तर ती यायला एक-दोन दिवस लागतात आणि जहाज तिच्यासाठी थांबत नाही. मग ती बॅग पुढच्या बंदरावर, दुसऱ्याच देशात गाठावी लागते. 'सेमिस्टर ॲट सी' या जहाजावर भरणाऱ्या विद्यापीठ-कार्यक्रमाची २०१९ मधली शरद ऋतूतली सफर ॲम्स्टरडॅमहून सुटली होती, म्हणून हे शहर उदाहरणाला घेते.

तिकीट काढण्याआधी व्हिसाचे दिवस मोजा. शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणारा व्हिसा) मुक्कामाच्या दिवसांचा आकडा छापलेला असतो आणि त्यात पोचण्याचा दिवसही धरला जातो, निघण्याचाही. हे जादा तीन दिवस अर्जातच दाखवा. जहाज मध्ये शेंगेनबाहेरच्या बंदराला लागून पुन्हा शेंगेनमधल्या बंदरात येणार असेल, तर 'मल्टिपल एन्ट्री'च, म्हणजे एकाहून जास्त वेळा आत येण्याची परवानगी हवी. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. पंधरा दिवसांवर आणून ठेवू नका.

स्किपोल विमानतळाच्या खालीच रेल्वे स्टेशन आहे. तिथून ॲम्स्टरडॅम सेंट्राल या शहरातल्या मुख्य स्टेशनला साधारण पाव तास लागतो. कॉन्टॅक्टलेस कार्ड फाटकाच्या मशिनला टेकवून आत जायचं आणि उतरल्यावर पुन्हा टेकवायचं. हे दुसरं टेकवणंच लोक विसरतात, मग भाड्यापेक्षा बरीच जास्त रक्कम कापली जाते. आणखी एक गोची म्हणजे जाताना प्लास्टिकचं कार्ड वापरलं आणि उतरताना तेच कार्ड फोनमधून टेकवलं, तर यंत्रणेला ती दोन वेगळी कार्डं वाटतात. दोघांत एक कार्डही चालत नाही. ट्राममध्ये रोख पैसे घेतच नाहीत. जीव्हीबी या शहर वाहतूक कंपनीचा दिवसाचा पास ट्राम, बस आणि मेट्रोपुरता असतो, स्किपोलच्या ट्रेनला तो लागू नाही.

क्रूझ टर्मिनल पीट हाइनकाडे या रस्त्यावर आहे. सेंट्रालहून २६ नंबरच्या ट्रामने एकच थांबा, 'म्युझिकगेबाउ' नावाचा. पायीही दहा-पंधरा मिनिटांत होतं. पण आपलं जहाज नेमकं तिथेच लागणार आहे ना, हे सूचनापत्रात वाचून घ्या. काही जहाजं समुद्राच्या तोंडाशी, आयमाउडनला लागतात आणि ते शहरापासून बरंच लांब आहे. पहिल्याच दिवशी हा रस्ता सामानाशिवाय एकदा चालून या. चालताना तांबड्या रंगाच्या पट्ट्यावर पाऊल टाकू नका. तो सायकलींचा रस्ता आहे आणि सायकलवाले थांबत नाहीत.

आता गंमत अशी की बंदराचं शहर असूनही इथे समुद्र दिसत नाही. शहरासमोर पसरलेलं पाणी 'आय' या नावाचं आहे. पूर्वी जहाजं पूर्वेकडून, झाउडरझे या उथळ आखातातून येत. १८७६ मध्ये पश्चिमेकडे कालवा खणून थेट नॉर्थ सीला वाट काढली आणि १९३२ मध्ये झाउडरझेच्या तोंडाशी बांध घातला. तुमचं जहाज त्या कालव्यातून वीसेक किलोमीटर संथ चालत जाईल आणि आयमाउडनच्या लॉकमधून, म्हणजे पाण्याची पातळी जुळवणाऱ्या दरवाजांच्या कप्प्यातून, समुद्रात उतरेल. त्या वेळी केबिनमध्ये सामान लावत बसू नका, डेकवर जा.

या पाण्याचा अंदाज फुकटात घ्यायचा तर सेंट्रालच्या मागच्या बाजूने फेरीबोट पकडा. एनडीएसएम या पलीकडच्या धक्क्याची फेरी सर्वांत लांब पल्ल्याची, जवळजवळ पाव तासाची. त्या बाजूला जुना जहाजबांधणीचा कारखाना आहे. (फेरीत पोटात ढवळलं नाही म्हणून समुद्रात ढवळणार नाही असं समजू नका. उलटीवरच्या गोळ्या आपल्या डॉक्टरांना विचारून भारतातूनच न्या.)

सागरी संग्रहालयाला अर्धा दिवस द्या. इमारत १६५६ मधली, नौदलाचं कोठार होती. धक्क्याला 'ॲम्स्टरडॅम' या व्हीओसीच्या, म्हणजे डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजाची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे. मूळ जहाज १७४९ मध्ये पहिल्याच सफरीत इंग्लंडच्या किनाऱ्यावर, हेस्टिंग्जजवळ रुतलं. खालच्या मजल्यावर वाकून फिरलात की आपली केबिन प्रशस्त वाटू लागेल. याच व्हीओसीची वखार आपल्या वेंगुर्ल्यात होती, १६३७ पासून. कंपनीचं मुख्यालय आउडे होगस्त्राटवर अजून उभं आहे, आता तिथे विद्यापीठ भरतं. सेंट्रालजवळचा श्रेयर्सटोरन हा बुरूजही पाहा. खलाशांच्या बायका इथे रडत उभ्या राहत अशी दंतकथा सांगतात, पण नावाचा मूळ अर्थ तटाच्या टोकदार कोपऱ्याशी जोडलेला आहे. १६०९ मध्ये हेन्री हडसन हा इंग्रज दर्यावर्दी इथून निघाला त्याची पाटी तिथे आहे.

जेवायला सुरिनामी रोटी शोधा. सुरिनाम ही दक्षिण अमेरिकेतली जुनी डच वसाहत. १८७३ मध्ये 'लल्ला रूख' जहाजातून कलकत्त्याहून सुरिनामला गेलेल्या गिरमिटियांची (करारावर नेलेल्या मजुरांची) आणि त्यांच्यामागून गेलेल्यांची ही रोटी, तिथून हॉलंडात आली. बटाटा आणि चवळीच्या शेंगांची भाजी सोबत असते. शाकाहारी असाल तर अंडं नको हेही सांगा, ते न विचारता येतं. आल्बर्ट काउपचा बाजार रविवारी बंद असतो.

उरलेली खरेदी शेवटच्या दिवसावर टाकू नका. आपली तीन पिनांची लॅपटॉपची वायर इथल्या सॉकेटमध्ये जात नाही, ॲडॉप्टर घ्या. सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या झटक्यापासून वाचवणारा भाग) असलेलं एक्स्टेन्शन मात्र घेऊ नका. जहाजातल्या विजेची जोडणी घरातल्यासारखी नसते, त्यामुळे अशा पट्टीला आग लागण्याचा धोका असतो आणि तपासणीत ती बहुधा काढून घेतात. साधी पॅरासिटामॉल 'ड्रोगिस्ट'कडे, म्हणजे चिठ्ठीशिवायची औषधं आणि प्रसाधनं विकणाऱ्या दुकानात मिळते. प्रतिजैविकं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, तेव्हा नेहमीची औषधं पूर्ण सेमिस्टरची आणि चिठ्ठीसकट न्या. पासपोर्ट, व्हिसा आणि औषधं चढायच्या दिवशी पाठीवरच्या पिशवीत ठेवा. मोठी बॅग धक्क्यावर दिली की ती केबिनपाशी यायला संध्याकाळ होऊ शकते.