गिरवलीची रात्र: ताऱ्यांच्या वर्णपटांसाठी जाताना

मंचरला नाशिक महामार्ग सोडला, घोडेगाव मागे पडलं आणि गाडी गिरवलीच्या डोंगराला लागली, तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. माझ्या मांडीवर एक आखलेला फुलस्केप होता. संध्याकाळी सव्वासात ते पहाटे साडेपाच अशी अख्खी रात्र त्यावर पेन्सिलीने मांडली होती. पेन्सिलीनेच, कारण रात्रीतून ती खोडावी लागणार हे माझ्या मार्गदर्शक मॅडमनी आधीच बजावलं होतं. त्या स्वतः या वेळी येणार नव्हत्या. एमएस्सीच्या एका विद्यार्थिनीला घेऊन मी पहिल्यांदाच स्वतःच्या जबाबदारीवर वेध घ्यायला निघाले होते.

पुण्यापासून साधारण ८० किलोमीटरवर, हजारेक मीटर उंचीवर आयुका या पुण्याच्या खगोलशास्त्र संस्थेची ही वेधशाळा आहे. दुर्बिणीच्या आरशाचा व्यास दोन मीटर, आणि २००६ पासून ती वापरात आहे. वर्णपट, म्हणजे ताऱ्याचा रंगारंगांत पसरलेला प्रकाश, घेण्यासाठी तिला इफॉस्क नावाचं उपकरण जोडलेलं असतं. तिथे वेध घ्यायचे तर आधी अर्ज करून रात्री मिळवाव्या लागतात. पावसाळ्यात काम होत नाही, त्यामुळे ऑक्टोबरनंतरच्या रात्रींना मागणी असते. आम्हाला नोव्हेंबरचा तिसरा आठवडा मिळाला. अमावास्या जवळ होती, पण आमच्या ताऱ्यांना तिची गरज नव्हती. अकराव्या-बाराव्या प्रतीच्या ताऱ्यांचे वर्णपट चांदण्यातही नीट मिळतात (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा अंधुक). तुमचे तारे तेजस्वी असतील तर अर्जात तसं स्पष्ट लिहा, काळोख्या रात्री अंधुक दीर्घिकांवर काम करणाऱ्यांसाठी मोकळ्या राहतील.

आमचं काम होतं बीई ताऱ्यांचं. हे गरम, निळसर, स्वतःभोवती अतिशय वेगाने फिरणारे तारे. त्यांच्याभोवती वायूची चकती असते आणि त्या चकतीमुळे हायड्रोजनची ६५६३ अँगस्ट्रॉमची रेघ काळी न दिसता चमकते (अँगस्ट्रॉम हे प्रकाशाच्या तरंगलांबीचं एकक). शर्मिष्ठा तारकासमूहाच्या ‘एम’मधला मधला तारा, गॅमा, हा या जातीचा पहिला ओळखला गेलेला तारा. १८६६ मध्ये इटालियन खगोलज्ञ सेक्कीने त्याच्या वर्णपटात हायड्रोजनची चमकती रेघ पाहिली, ती मात्र बीटा ही दुसरी रेघ होती. चकती कायमची नसते, काही वर्षांत विरते, पुन्हा तयार होते, म्हणून तेच तारे परत परत पाहावे लागतात. आमचे बहुतेक तारे शर्मिष्ठेतल्याच एनजीसी ६६३ या तारकागुच्छातले होते. बीई तारे या गुच्छात भरपूर आहेत.

आता आखणीचं सांगते, कारण या कामात खरे कष्ट तिथेच आहेत.

एनजीसी ६६३ आकाशाच्या विषुववृत्तापासून उत्तरेला ६१ अंशांवर आहे आणि गिरवली १९ अंश अक्षांशावर. म्हणजे हा गुच्छ तिथून फार तर ४८ अंश वर चढतो. तेव्हाही एअरमास, म्हणजे प्रकाश किती हवेतून येतो त्याचं माप (डोक्यावर ते १), १.३५ असतो. वीस नोव्हेंबरच्या सुमारास तो रात्री १० वाजून २५ मिनिटांनी मध्यमंडलावर, म्हणजे सर्वांत उंच, येतो. संध्याकाळी सव्वासातला पूर्ण अंधार पडतो तेव्हा तो जेमतेम ३६ अंशांवर असतो, एअरमास १.७ च्या घरात. साडेआठला तो ४३ अंशांवर आलेला असतो. म्हणून गुच्छासाठी साडेआठ ते साडेबारा हे चार तास मी चौकट करून राखून ठेवले. घड्याळाची एक गोष्ट लक्षात ठेवा: आपली प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, गिरवलीची स्थानिक वेळ तिच्या जवळजवळ ३५ मिनिटं मागे. नाक्षत्रकाळ, म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेली वेळ, हाताने काढत असाल तर ही ३५ मिनिटं हटकून विसरली जातात.

अंधार पडल्यापासून साडेआठपर्यंतचा वेळ रिकामा ठेवायचा नाही. त्या वेळात प्रमाण तारा घ्यायचा, म्हणजे ज्याचं प्रत्येक रंगातलं तेज आधीच मोजलेलं आहे असा तारा. नोव्हेंबरात संध्याकाळी बीडी+२८ ४२११ छान उंचावर असतो. पहाटेसाठी फायगे ३४ ठेवला होता.

मध्यरात्रीनंतर वृषभेतला झीटा. हाही बीई तारा, पण तिसऱ्या प्रतीचा. एवढ्या मोठ्या दुर्बिणीवर सेकंदभरातच कॅमेऱ्याची चिप भरून जाते, म्हणून छोटी छोटी दहा एक्स्पोजर ठरवली. त्याची अडचण वेगळीच. तो २१ अंशांवर, म्हणजे सव्वादोनच्या सुमारास तो आपल्या अगदी डोक्यावरून जातो. अल्ट-अझिमुथ, म्हणजे वर-खाली आणि गोल अशा दोनच हालचाली करणाऱ्या, दुर्बिणीला शिरोबिंदूजवळचा तारा धरून ठेवता येत नाही, तिला फार झपाट्याने गोल फिरावं लागतं. म्हणून तो एक वाजता लिहिला होता. तुमच्या यादीत १५ ते २३ अंशांमधला तारा असेल तर तो मध्यमंडलावर येण्याच्या वेळेला त्याच्या नावापुढे काट मारून ठेवा.

आणि हिशेब करताना फक्त एक्स्पोजरचा वेळ धरू नका. मी पहिल्यांदा कागद भरला तेव्हा सव्वादहा तासांत २८ तारे बसवले होते. मॅडमनी बघितलं आणि शांतपणे विचारलं, “दुर्बीण वळवायला किती? तारा ओळखून स्लिटवर आणायला किती? दिवा कधी घेणार?” स्लिट म्हणजे उपकरणात प्रकाश आत घेणारी बारीक फट; दिव्याचं पुढे सांगते. तेराव्या प्रतीच्या ताऱ्याला १५ मिनिटांचं एक्स्पोजर लागतं, पण सगळं धरून जातो अर्धा तास. शेवटी यादीत १४ राहिले. प्रत्येकापुढे अ, ब किंवा क. अ म्हणजे काहीही झालं तरी घ्यायचाच.

तीनच्या आत वर पोचलं की बरं पडतं. उजेड असताना बायस आणि फ्लॅट, म्हणजे कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष काढायला लागणारी चित्रं, घेऊन होतात, दादांशी रात्रीबद्दल नीट बोलता येतं. दुर्बीण चालवणारे हे दादा तिथे वर्षानुवर्षं आहेत. यादी त्यांच्या हातात द्या, क्रम समजावून सांगा, आणि ते “हा आधी घेऊ” म्हणाले तर ऐका. ग्रिझम (प्रकाशाचे रंग वेगळे करणारा भाग) आणि स्लिट संध्याकाळीच ठरवून टाका. आम्ही सातवं ग्रिझम घेतलं. ३८०० ते ६८४० अँगस्ट्रॉमच्या त्याच्या पट्ट्यात हायड्रोजनच्या अल्फा आणि बीटा दोन्ही रेघा येतात, त्यामुळे मधे काही बदलावं लागत नाही.

पहिला प्रमाण तारा सहज झाला. गुच्छाकडे वळलो आणि तिथे वीस मिनिटं गेली. माझ्या नकाशात उत्तर वर, पूर्व डावीकडे. पडद्यावरचं चित्र उलटं. गुच्छात एवढी दाटी की प्रत्येक तारा आपलाच वाटतो. शेवटी विद्यार्थिनीनेच नकाशा पाठमोरा करून दिव्यासमोर धरला. कागदातून उलटे दिसणारे ठिपके पडद्याशी ताडून पाहिले. तीन ताऱ्यांचा एक बारका त्रिकोण होता, त्याच्या टोकापासून दोन बोटं अंतरावर आमचा तारा. “मॅडम, हाच!” ती म्हणाली, आणि तोच होता. तेव्हापासून प्रत्येक ताऱ्याचा नकाशा मी दोन्ही प्रकारे छापून नेते, सरळ आणि आरशातला. कागदावरच. मोबाइलच्या पडद्याचा उजेड डोळ्यांना चालत नाही.

पहिल्या ताऱ्याचं चित्र चिपवरून उतरलं तेव्हा आम्ही दोघी पडद्याला नाक लावून उभ्या होतो. काळ्या पार्श्वभूमीवर एक आडवी बारीक पांढरी रेघ, बस. पण उजव्या बाजूला ६५६३ च्या जागी ती रेघ एका टिंबाएवढी जाड आणि लख्ख झाली होती. काही प्रक्रिया न करता, उघड्या डोळ्यांना दिसणारी चकती. हजारो प्रकाशवर्षांवरची.

आता चूक सांगते. साडेअकराच्या सुमाराला एका अ ताऱ्याचं एक्स्पोजर संपलं आणि मी दादांना लगेच पुढच्या ताऱ्यावर जायला सांगितलं. दुर्बीण वळली आणि त्यांनी विचारलं, “ताई, दिवा घेतला का आपण?” घेतला नव्हता. हेलियम-निऑनच्या दिव्याच्या रेघांवरूनच वर्णपटातलं कोणतं ठिकाण किती अँगस्ट्रॉमचं ते ठरतं. दुर्बीण कलली की उपकरण किंचित वाकतं आणि रेघा सरकतात, म्हणून दिवा त्याच ताऱ्यावर, त्याच स्थितीत घ्यावा लागतो. नंतरचा चालत नाही. परत गेलो. पंधरा मिनिटं गेली, एक क तारा कायमचा खोडला. त्यानंतर फुलस्केपवर प्रत्येक ताऱ्यापुढे ‘दिवा’ असा छोटा चौकोन काढला आणि त्यात खूण झाल्याशिवाय वळायचं नाही असं ठरवलं. हा चौकोन तुम्ही घरूनच काढून न्या.

दिव्यातली हेलियमची ५८७६ ची पिवळी रेघ मला फार आवडते. विजयदुर्गावरचे ‘साहेबाचे ओटे’ दाखवून हेलियमचा शोध तिथे लागला असं आपल्याकडे सांगतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच खगोलज्ञ जान्सेन गुंटूरला होता, आणि इंग्रज खगोलज्ञ लॉकियरने ही रेघ त्याच ऑक्टोबरात इंग्लंडमधून पाहिली. किल्ल्याची गोष्ट खरी नसली तरी ग्रहणाची सावली आपल्या देशावरून गेली होती, हे पुरेसं मोठं आहे.

दोनच्या पुढे हवेतला दमटपणा वाढायला लागला. खाली डिंभ्याच्या जलाशयाच्या बाजूने धुकं वर येत होतं. मर्यादा ओलांडली की घुमट बंद करावाच लागतो, त्यात वाद नाही, आरशावर दव बसलं तर नुकसान सगळ्यांचं. आम्ही पावणेतीनला बंद केलं आणि साडेचारला पुन्हा उघडलं. पावणेदोन तास गेले. पण अ तारे सगळे मध्यरात्रीपूर्वी झाले होते, झीटाही एकला उरकला होता. उघडल्यावर फायगे ३४ आणि दोन ब तारे घेतले. सकाळच्या वेळेवर महत्त्वाचं काही टाकू नका, विशेषतः नोव्हेंबर-डिसेंबरात.

बाकीचं थोडक्यात. थंडी अंगात शिरते, कानटोपी आणि जाड मोजे लागतातच. आदल्या दिवशी दुपारी झोपा काढा. रात्री एकट्याने बाहेर फिरू नका, जुन्नर-आंबेगावच्या या पट्ट्यात बिबटे आहेत. गाडी आत आणायची असेल तर अंधार पडायच्या आत, नंतर हेडलाइट लावायचा नाही. लाल टॉर्च, जादा सेल. प्रत्येक चित्र सुमारे आठ एमबीचं असतं, आमची दीडशे झाली. ती दोन वेगळ्या ड्राइव्हवर उतरवून घ्या, आणि वहीत चित्राचा क्रमांक, तारा, वेळ, एअरमास तेव्हाच्या तेव्हा लिहा. आमच्या वहीतली एक ओळ मला आजही लागत नाही.

ही सहलीची जागा नाही, परवानगीशिवाय वर जाऊ नका. पण घरी आठ इंची दुर्बीण असेल तर स्टार अ‍ॅनलायझरसारखी छोटी ग्रेटिंग लावून गॅमा शर्मिष्ठेची ती चमकती रेघ गच्चीवरूनही टिपता येते. पॅरिस वेधशाळेच्या बेस या संग्रहात हौशी मंडळींचे असे कितीतरी वर्णपट आहेत. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तो तारा नऊ-सव्वानऊला उत्तरेला सर्वांत उंच असतो.

आणि सकाळी स्वतः गाडी चालवत उतरू नका. आम्ही अकरापर्यंत झोपलो, मग ड्रायव्हरकाका आले. मंचरला चहाला थांबलो तेव्हा विद्यार्थिनीने फुलस्केप मागून घेतला आणि मागच्या कोऱ्या बाजूला पुढच्या रात्रीचे रकाने आखायला घेतले. पहिला रकाना होता ‘दिवा’.