बूड बघा, मग बोला

नागपुरात महाल भागात आत्याच्या घरी आज शोकेस आवरता आवरता ती केशरी फुलदाणी निघाली, मुठीत धरल्यासारखा काचेचा हात असलेली, आणि झाली ना सुरुवात, काका म्हणे इंग्लंडची, दादा म्हणे बेल्जियमची, बुडाकडे पाहायला कोणाला टाइम नाही बावा!

मी आधी आत बोट घातलं. प्रेस्ड काचेत साच्यात वरून दट्ट्या दाबतात म्हणून बाहेर कितीही नक्षी असो, आतून सपाट लागते. इथं बाहेरचा उंचवटा तो आत खड्डा, म्हणजे साच्यात फुंकलेली. दोन्हीत साच्याची शिवण दिसू शकते, म्हणून नुसत्या शिवणीवर जाऊ नका. इंग्लंडच्या मालावर 1884 नंतर बरेचदा डिझाइनचा रजिस्टर नंबर असतो, सोवरबी या तिथल्या काच कारखान्याचा असला तर मोराचं डोकं. इथं तसलं काहीच नाही.

मग मोबाइलचा टॉर्च तिरपा मारला तर बुडाला चक्क इंग्रजी अक्षरात 'जैन', म्हणजे फिरोजाबादचं जैन ग्लास वर्क्स! वरची ती इंद्रधनुषी चमक म्हणजे गरम काचेवर फवारलेले धातूचे क्षार, अशा काचेला कार्निव्हल ग्लास म्हणतात. मला तर हे बेल्जियमपेक्षा भारी वाटलं. काका अजून इंग्लंडवरच अडलेत, आणि आत्या म्हणते कुठली का असेना, आधी पुसून ठेव.