प्रोटीन सकाळी खाऊ की रात्री?

वजनाचा विषय निघाला की लातूर-धाराशिवकडच्या बायका मला हमखास विचारतात, "मॅडम, प्रोटीन कवा घ्यायचं? सकाळच्याला का रातच्याला?" कुणी जिममध्ये ऐकलेलं असतं की व्यायामानंतर अर्ध्या तासात घेतलं नाही तर ते वाया जातं. कुणाला शेजारणीने सांगितलेलं असतं की दिवस मावळल्यावर डाळ खाल्ली की पोट सुटतं. मी आहारसल्ल्याचं काम करते, त्यामुळे हे मला रोजच ऐकायला मिळतं. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

निव्वळ वेळ बदलल्याने वजन उतरत नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०१७ मध्ये याच प्रश्नावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. वजन जास्त असलेल्या ४१ स्त्री-पुरुषांना १६ आठवडे कमी उष्मांकाचा आहार दिला आणि वजनं उचलण्याचा व्यायामही करायला लावला. प्रथिनं सगळ्यांना सारखीच, दिवसाला ९० ग्रॅम. निम्म्या लोकांना ती तिन्ही जेवणांत ३०-३० अशी वाटून दिली. बाकीच्यांना सकाळी १०, दुपारी २० आणि रात्री एकदम ६० ग्रॅम. शेवटी चरबी किती गेली, स्नायू किती टिकले हे मोजलं, तर दोन्ही गटांत फरक निघाला नाही. व्यायामानंतरच्या अर्ध्या तासाचंही तसंच आहे. दिवसाची एकूण प्रथिनं पुरेशी असतील तर त्या घाईला फारसा अर्थ उरत नाही.

मात्र त्या दोन्ही गटांना रोज ९० ग्रॅम मिळत होती, हे विसरू नका. आपल्याकडच्या बाईला किती मिळतात? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने निरोगी माणसाला वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम लागतात, म्हणजे ६० किलोच्या बाईला ५० ग्रॅम. वजन उतरवताना स्नायू झिजू नयेत म्हणून किलोमागे १.२ ग्रॅमच्या आसपास धरतात. आता तिचा दिवस बघा. उठल्यावर चहा-बिस्किट. डबे भरून, धुणं-भांडी आटोपून अकराला थोडा सुशीला, म्हणजे भिजवून फोडणी दिलेले चुरमुरे. दुपारी दोन भाकरी, भाजी, पातळ वरण. संध्याकाळी पुन्हा चहा आणि चिवडा. रात्री सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलेलं. मी वहीत मांडते तेव्हा बेरीज बहुतेकदा ३५-४० ग्रॅमच्या पुढे जात नाही, आणि त्यातला मोठा वाटा ज्वारीचाच असतो.

वरणाचंच बोलायचं तर घट्ट वरणाच्या वाटीत २५-३० ग्रॅम डाळ असते आणि त्यातून सहा-सात ग्रॅम प्रथिनं मिळतात. घरात माणसं वाढली की वरणात पाणी वाढतं, आणि शेवटी जेवणारीच्या वाट्याला त्याच्या निम्मीही येत नाहीत. ज्या लातूरच्या आडत बाजारात तुरीची थप्पी लागते, जिथल्या डाळमिलमधून डाळ परगावी जाते, तिथल्या बाईच्या वाटीतली ही गत मला फार लागते. म्हणून वेळेचा प्रश्न आला की मी आधी विचारते, घरात तुम्ही कितव्या पंगतीला बसता?

एवढं सांगूनही मी बायकांना सकाळचाच आग्रह धरते. कारण भूक. मिसूरी विद्यापीठाच्या २०१३ च्या एका अभ्यासात वजन जास्त असलेल्या आणि न्याहारी न करणाऱ्या २० तरुण मुली होत्या. सकाळी ३५ ग्रॅम प्रथिनांची न्याहारी दिली तेव्हा त्यांचं पोट दिवसभर जास्त भरलेलं राहिलं आणि संध्याकाळचं तेलकट अरबटचरबट खाणं कमी झालं. तेवढ्याच उष्मांकाच्या साध्या न्याहारीने संध्याकाळचं ते खाणं आटोक्यात आलं नाही. अभ्यास लहान आहे, पण मी माझ्यासमोर बसलेल्या बायकांमध्ये हेच बघते. पाच वाजता फरसाणाच्या डब्याकडे जाणारा हात मनोनिग्रहाने थांबत नाही. सकाळी पोटात काही गेलेलं असेल तरच थांबतो. शिवाय प्रथिनं पचवायलाच त्यांच्यातली २० ते ३० टक्के ऊर्जा खर्च होते. भात-भाकरीतल्या पिष्टाला पाच-दहा टक्केच लागते.

३५ ग्रॅमची न्याहारी आपल्या स्वयंपाकघरात अवघड आहे. मी १५ ते २० सांगते. मुगाच्या डाळीची धिरडी आणि वाटीभर दही घेतलं की तेवढं होतं. धपाट्यांच्या पिठात बेसन सढळ हाताने घाला आणि सोबत दही घ्या. मटकीची उसळ रात्रीसाठी राखून न ठेवता सकाळीच खा. अंडी चालत असतील तर दोन अंड्यांतून तेरा ग्रॅम येतात. शेंगदाण्यांबद्दल मात्र सावध करते, कारण आपल्याकडे कूट प्रत्येक भाजीत पडतो. त्यात प्रथिनं भरपूर असली तरी १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे ४० ग्रॅम तेल असतं. वजन उतरवायचं असेल तर मूठभराच्या पुढे नको.

आणि सोयाबीन! शिवारभर पेरतो, काढतो, विकून मोकळे होतो, पण ताटात घेत नाही. शंभर ग्रॅममध्ये ३५ ग्रॅमच्या वर प्रथिनं असलेलं दुसरं धान्य आपल्या घरात नाही. कच्चं दळू नका, ते नीट पचत नाही. उकळत्या पाण्यात २०-२५ मिनिटं शिजवून, कडक वाळवून मग भाकरीच्या पिठात थोडं मिसळा. एवढा खटाटोप नको असेल तर सोया वड्यांची भाजी करा.

उपवासाचा दिवस वेगळा मोजावा लागतो. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी असं धरणारी बाई आठवड्यातले दोन-तीन दिवस पिष्ट आणि तुपावर काढते आणि मग विचारते, उपवास करूनही वजन का हलत नाही? उपवास सोडा असं मी कुणाला म्हणत नाही. दूध, ताक, दही, भगर-राजगिरा यांच्यावर दिवस काढा, एवढंच सांगते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं.

आता सासूबाईंचं. साठी ओलांडलेल्या बाईचं गणित निराळं आहे. फ्रान्समध्ये १९९९ साली सरासरी ६८ वर्षांच्या १५ स्त्रियांवर एक अभ्यास झाला. दिवसाची ८० टक्के प्रथिनं दुपारच्या एकाच जेवणात दिली, तेव्हा चार वेळा विभागून देण्यापेक्षा ती शरीरात जास्त टिकली. पुढे तरुण स्त्रियांवर तेच करून पाहिलं, तर फरक पडला नाही. त्यामुळे ज्यांचं रात्रीचं जेवण दूध-भातावर आलंय, त्यांचं दुपारचं ताट भरलेलं ठेवा: घट्ट वरण, दही, दात नसतील तर मऊ पिठलं. त्यांचं वजन कमी करायचं का हे ठरवण्याआधी मी त्यांना खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगते. ज्यांना ते जमत नाही, त्यांची भाकरी मी कमी करत नाही. आधी दोन महिने ताटात डाळ वाढवते आणि रोज दहा वेळा उठ-बस करायला लावते.